पाकिटं संपली, हात गेला: राज्याच्या कुष्ठरोग कार्यक्रमाला खुले पत्र

प्रति,
राज्यातला कुष्ठरोग कार्यक्रम सांभाळणारे सर्व अधिकारी,
राज्यस्तरापासून तालुक्यापर्यंत

स.न.वि.वि.

पुढं सगळी तक्रारच आहे, म्हणून जे चांगलं ते आधी लिहून टाकतो. कुष्ठरोगाचा जंतू मारण्याचं काम आपण फार नीट बसवलंय. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन यांची महिन्यामहिन्याची पाकिटं आज आडवळणाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही फुकट मिळतात. आशाताई घरी जाऊन चौकशी करतात. घरातल्या बाकीच्यांना रिफॅम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस देणंही सुरू झालंय. आयुष्यभर डॅप्सोन खाल्लेली माणसं ज्यानं पाहिलीत, त्याला या तीन औषधांच्या एकत्र उपचाराचं, म्हणजे एमडीटीचं, मोल सांगावं लागत नाही.

पण मी पूर्व विदर्भातला त्वचारोगतज्ज्ञ आहे. माझ्या दवाखान्यात आणि जिथं मी आठवड्यातून एकदा बसतो त्या धर्मादाय रुग्णालयात जे वाकडे हात, घसटणारे पाय आणि न मिटणारे डोळे येतात, त्यांतल्या कित्येकांच्या कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असा शिक्का असतो. जंतू मेले, कार्ड बंद झालं, हात गेला. तो गेला रिॲक्शनमध्ये. आणि रिॲक्शनच्या औषधांची व्यवस्था आपण एमडीटीसारखी बसवलेली नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

हे पत्र खुलं असल्यामुळं इतर वाचकांसाठी थोडं सांगतो. कुष्ठरोगातली रिॲक्शन म्हणजे गोळ्यांची ॲलर्जी नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूवर, जिवंत असो की मेलेला, एकाएकी तुटून पडते, तिचा हा दाह. तो उपचाराआधी होतो, चालू असताना होतो, उपचार संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनीही होतो. पहिल्या प्रकारात आधीचेच चट्टे लाल होऊन फुगतात आणि नसा सुजतात. आजाराच्या दोन टोकांच्या मधल्या, सीमावर्ती रूपांच्या रुग्णांत हा दिसतो. दुसरा प्रकार ईएनएलचा (एरिथेमा नोडोसम लेप्रोसम): अंगावर दुखऱ्या लाल गाठी, ताप, सांधेदुखी, डोळे लाल, पुरुषांत अंडकोषाला सूज. अंगात जंतूंचा भार प्रचंड असलेल्या रुग्णांना तो गाठतो. दोन्हींत नस सापडली की घात. कोपराच्या मागं हाडाच्या खोबणीतून जाणारी नस सुजली तर तिला फुगायला जागाच नसते, ती स्वतःच्याच सुजेखाली चेपली जाते. करंगळी बधिर होते, मग बोटं आत वळतात.

एक बाई आल्या होत्या, धानाची रोवणी चालू असताना. सांसर्गिक, म्हणजे जास्त जंतूंचा प्रकार, एमडीटीचं पाचवं पाकीट. गालावरचा चट्टा तांबडालाल होऊन वर आलेला. ‘गोया गरम पडल्या जी, म्हणून बंद केल्या,’ म्हणाल्या. त्यांच्या अनामिका आणि करंगळीच्या मध्ये कागदाची पट्टी धरायला दिली आणि ओढली, तर ती अलगद निघून आली. डोळे मिटायला लावून बॉलपेनच्या टोकानं तळहाताला एकेक ठिकाणी स्पर्श केला. अंगठ्याच्या बाजूला बरोबर बोट ठेवत होत्या. करंगळीच्या कडेला आल्यावर नुसत्या थांबून राहिल्या, मी पेन टेकवलंय हेच त्यांना कळत नव्हतं. कोपराची नस दाबली तशा कळवळल्या. त्या आधी आरोग्य केंद्रात जाऊन आल्या होत्या. तिथं दुखण्याची गोळी आणि ताकदीचं इंजेक्शन मिळालं होतं. कागदाची पट्टी कोणी ओढून पाहिली नव्हती. त्या केंद्राला मी दोष देत नाही. तिथल्या तरुण डॉक्टरला बाळंतपणं, साप चावलेले, तापाची साथ आणि ढीगभर ऑनलाइन नोंदी सांभाळायच्या असतात. कागदाची पट्टी ओढून बघ असं त्याला कोणी शिकवलेलं नसतं, आणि शिकवलं असतं तरी त्याच्या कपाटात पुढच्या पाच महिन्यांचं प्रेडनिसोलोन, म्हणजे दाह उतरवणारं स्टेरॉइड, नसतं.

या बाईंना औषध वेळेत सुरू झालं. एमडीटी पुन्हा चालू केली, कारण रिॲक्शनमध्ये ती थांबवायची नसते, ही गोष्ट गावोगावच्या भिंतींवर रंगवायला हवी. हाताला आधाराची फळी बांधून आराम दिला आणि प्रेडनिसोलोन सुरू केलं. चौथ्या महिन्यात पट्टी घट्ट धरू लागल्या. करंगळीची बधिरता पूर्ण गेली नाही. पण हात कामाचा राहिला.

आता औषधांकडे वळतो.

पहिल्या प्रकारच्या रिॲक्शनसाठी आणि नस सुजून गेलेल्या ताकदीसाठी आजही मुख्य औषध प्रेडनिसोलोनच. आपल्यातल्या जुन्या मंडळींना बारा आठवड्यांचा जिना तोंडपाठ आहे: ४०, ३०, २०, १५, १०, ५ मिलिग्रॅम, प्रत्येक पायरी दोन आठवडे. ५ मिलिग्रॅमच्या हिशेबानं ३३६ गोळ्या. हा जिना शिकवायला सोपा होता, पण तो अपुरा पडतो हे आपल्याच देशातल्या बहुकेंद्री चाचणीनं २००६ साली दाखवलं. तीन महिन्यांच्या गटातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना नंतर जास्तीचं स्टेरॉइड द्यावं लागलं. पाच महिन्यांच्या दोन्ही गटांत, त्यांतल्या एकाचा सुरुवातीचा डोस कमी असूनही, ते प्रमाण बरंच खाली होतं. पुढं २० आठवडे बरे की ३२, हेही भारत, नेपाळ, बांगलादेशसह अनेक देशांत मिळून तपासलं गेलं आणि ३२ आठवड्यांनी फारसा जास्त फायदा होत नाही असं निघालं. म्हणजे २० आठवडे हा आकडा हवेतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनंही तोच धरलाय. प्रश्न एवढाच की कागदावरचे २० आठवडे रुग्णाच्या पिशवीत किती पडतात?

माझ्यापर्यंत येणाऱ्या चिठ्ठ्यांवरून सांगतो. कुठं दोन आठवडे, कुठं ‘पंधरा दिवसांचा साठा आहे, पुढचं बाहेरून घ्या’. बाहेरून घ्यायला प्रेडनिसोलोन महाग नाही, ही तर दुकानातली स्वस्त गोळी. पण मजुरी बुडवून, एसटीनं तालुक्याला जाऊन, रांगेत उभं राहून जो माणूस गोळ्या आणतो, त्याचं दुखणं थांबलं की तो पुढच्या वेळी कशाला येईल? नस मात्र आतून सुजलेलीच असते. त्याहून वाईट म्हणजे महिनाभर मोठा डोस घेतलेला रुग्ण एका दिवशी गोळी तोडतो. स्टेरॉइड अचानक तोडलं की शरीराच्या स्वतःच्या ग्रंथींना जागं व्हायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात साध्या जुलाब-तापानंही माणूस कोसळू शकतो.

म्हणून पहिली मागणी. प्रेडनिसोलोनचं २० आठवड्यांचं पाकीट करा. एमडीटीसारखंच, दोन दोन आठवड्यांच्या पट्ट्या, वरती डोस छापलेला, सकाळी जेवल्यावर घ्यायचं चित्र, आणि मराठीत एक ओळ: ‘मध्येच बंद करू नका’. हे पाकीट तालुक्याच्या किंवा उपजिल्हा रुग्णालयात पडून असू द्या. निदान झालं त्या दिवशी पहिली पट्टी रुग्णाच्या हातात पडली पाहिजे.

घाई कशाची, तर सहा महिन्यांची. नस निकामी होऊन सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड दिलं तर ती बऱ्याच जणांत परत येते. सहा महिन्यांहून जुन्या बधिरतेवर दिलेल्या स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, हेही नेपाळ आणि बांगलादेशातल्या चाचण्यांतून दिसलेलं आहे. जुन्या हातांना शस्त्रक्रिया, व्यायाम, एमसीआर (मऊ रबराच्या) चपला, जखमांची निगा. ते सगळं आपण देतो आणि द्यायलाच हवं. पण शस्त्रक्रियेनं बोटं सरळ होतात, बधिरता जात नाही. बधिर बोट चुलीवरच्या भांड्याला चिकटून भाजलं तरी बाईला वासावरूनच कळतं.

सहा महिन्यांचं हे दार उघडं आहे की बंद, हे कळायला तपासणी हवी. व्हीएमटी-एसटी, म्हणजे स्नायूंची ताकद आणि स्पर्श यांची तपासणी: बॉलपेन, कागद आणि पाच-दहा मिनिटं. एमडीटीच्या प्रत्येक पाकिटाबरोबर ती व्हावी आणि आकडे कार्डावर चढावेत. काही रुग्णांत नस दुखतही नाही, मुकाट्यानं मरते. रुग्ण मागच्या महिन्यात पेनचा स्पर्श ओळखत होता आणि या महिन्यात ओळखत नाही, एवढ्यावरच पकडायचं असतं. ज्यांनी हे काम आयुष्यभर केलं ते अवैद्यकीय सहायक आणि पर्यवेक्षक एकेक करून निवृत्त झाले. कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्य सेवेत मिसळला तेव्हा त्यांची कला मात्र मिसळली नाही. त्यांच्यातले जे हयात आहेत त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवा. डोळे मिटून नुसत्या बोटांनी कोपराची नस चाचपणारी ती माणसं मी पाहिलीत. ते कसब दृक्‌श्राव्य प्रशिक्षणातून येत नाही.

स्टेरॉइड सुरू करण्याआधीच्या तपासण्यांबद्दल थोडक्यात: रक्तदाब, साखर, क्षयरोगाची लक्षणं आणि गरज पडली तर थुंकी, जंताची गोळी, वयस्करांना कॅल्शियम. क्षयरोगाकडे दुर्लक्ष नको. आपल्याकडं कुष्ठरोग आणि क्षयरोग एकाच छपराखाली आहेत, तर निदान ही एक चिठ्ठी तरी या टेबलावरून त्या टेबलावर जावी.

दुसऱ्या प्रकाराकडं येतो. माझी झोप उडवणारा हा प्रकार आहे.

पहिल्या प्रकाराची रिॲक्शन बहुधा एकदा येते, पाच महिने नीट औषध दिलं की बहुतेक वेळा निघून जाते. ईएनएल तसा नाही. हैदराबादच्या रुग्णांचा अकरा वर्षांचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जंतूंचा भार सर्वांत जास्त असलेल्या गटात जवळजवळ निम्म्यांना ईएनएल झाला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांचा तो पुन्हा पुन्हा येणारा किंवा सतत रेंगाळणारा होता. त्यावर २० आठवड्यांचं पाकीट लावून चालत नाही. डोस कमी केला की गाठी येतात, वाढवला की जातात, पुन्हा कमी केला की पुन्हा येतात. महिने जातात, वर्षं जातात.

माझा एक रुग्ण, वय पंचविशीच्या आतलं. एमडीटी संपून दीड वर्ष झालेलं. तो कुठल्याशा दुकानातून बीटामेथासोनच्या गोळ्या घेत होता, दिवसाला चार, कधी सहा, कधी अंग दुखलं तर आठ. चेहरा वाटोळा, पोटावर जांभळे पट्टे, साखर वाढलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालेला. स्टेरॉइड त्याचं व्यसन नव्हतं, त्याला दुसरं काही कोणी दिलंच नव्हतं. ‘गोळी नाही घेतली तर बिछान्यातून उठता येत नाही साहेब,’ एवढंच तो म्हणाला, आणि ते खरं होतं. इथिओपियातल्या आदिस अबाबाच्या अलर्ट रुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास झालाय. ईएनएलच्या रुग्णांत मृत्यू जास्त होते आणि त्यांचा संबंध मोठ्या प्रमाणात दीर्घकाळच्या स्टेरॉइडशी लागत होता. कुष्ठरोगानं माणूस मरत नाही असं आपण लोकांची भीती घालवायला सांगतो. त्याच्या उपचारानं मात्र मरू शकतो, जर उपचार म्हणजे फक्त स्टेरॉइड असेल तर.

दुसरी शिडी आहे, आणि तिची पहिली पायरी आपल्याच पाकिटात बसलेली आहे: क्लोफाझिमीन. १९५४ साली डब्लिनमध्ये बनलेलं हे औषध जंतूही मारतं आणि ईएनएलचा दाहही शमवतं, पण त्यासाठी डोस मोठा लागतो. एमडीटीत रोजचे ५० मिलिग्रॅम असतात. ईएनएलसाठी दिवसाला ३०० पासून सुरुवात, जास्तीत जास्त बारा आठवडे, मग २००, मग १००. असर यायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून ते स्टेरॉइडच्या जागी नाही, स्टेरॉइडबरोबर आणि लवकर सुरू करायचं. ते चढेल तसं स्टेरॉइड उतरवायचं. आपल्याकडं होतं उलटं. सहा-आठ महिने स्टेरॉइड देऊन झाल्यावर कोणाला तरी क्लोफाझिमीन आठवतं, आणि तेव्हा सुटं क्लोफाझिमीन मिळत नाही. एमडीटीच्या पाकिटातल्या गोळ्या खुडून काढा असा तोंडी सल्ला मी ऐकलेला आहे. हे सुटं क्लोफाझिमीन प्रत्येक जिल्ह्यात, मागणीची वाट न पाहता, ठराविक साठा म्हणून असावं. ही माझी दुसरी मागणी.

क्लोफाझिमीनची अडचण रंगाची. कातडी काळवंडते, तपकिरी-जांभळी होते, कोरडी पडते. लघवी आणि घामही रंगतो. औषध संपल्यावर रंग हळूहळू उतरतो, पण त्याला महिने लागतात. आपण याला दुष्परिणामांच्या यादीत एक ओळ देतो. गावात ती ओळ म्हणजे पाटी असते. लग्नाच्या वयाची मुलगी दोन महिन्यांत काळी पडली की विहिरीवरच्या बायका विचारणारच. मी एका मुलीच्या आईला समोर बसवून सांगितलं की हा रंग औषधाचा आहे, रोगाचा नाही, आणि वर्षभरात उतरेल. आई म्हणाली, ‘वर्षभरानं सांगून काय उपयोग, तोवर सोयरीक मोडंल.’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्यांना हे औषध चालणार नाही त्यांच्यासाठी पुढची पायरी उघडी हवी, एवढंच मला त्यातून दिसलं.

पुढची पायरी थॅलिडोमाइड. नाव ऐकूनच अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. हे औषध घेतलेल्या गरोदर बायकांची हजारो बाळं हातापायांविना किंवा खुरटलेल्या हातापायांनी जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढलं गेलं. तीनच वर्षांनी, १९६४ मध्ये, जेरुसलेमला डॉ. जेकब शेस्किन यांनी वेदनांनी झोप उडालेल्या कुष्ठरुग्णाला हाताशी होतं म्हणून झोपेची गोळी म्हणून तेच दिलं. झोप लागलीच, शिवाय दोन-तीन दिवसांत गाठी आणि ताप दोन्ही ओसरले. ईएनएलवर इतक्या झपाट्यानं काम करणारं दुसरं औषध आजही आपल्याकडं नाही. अमेरिकेनं १९९८ मध्ये त्याला याच आजारासाठी मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटना ते कार्यक्रमात सरसकट द्यायला सांगत नाही, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. ब्राझीलमध्ये सरकारी कार्यक्रमातून ते वापरलं जातं, कडक कायदे झाले, तरीही तिथं एकविसाव्या शतकात व्यंग घेऊन बाळं जन्मली. गोळी घरातल्या डब्यात राहते. नवऱ्याला बरं वाटलं म्हणून बायको घेते, जाऊ घेते. आपल्या घरांत हे होणार नाही असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

मग करायचं काय? ‘धोकादायक आहे’ म्हणून हात झटकले की रुग्ण बीटामेथासोनच्या दुकानात जातो, हे वर लिहिलंच. माझी सूचना अशी. प्रत्येक आरोग्य मंडळात एक वैद्यकीय महाविद्यालय नेमा. तिथून, आणि फक्त तिथून, थॅलिडोमाइड मिळावं, नोंदवहीत सही घेऊन, पुरवठा चार आठवड्यांहून जास्त नाही, उरलेल्या गोळ्या परत मोजून घेऊन. पुरुषांना प्राधान्य, पण निरोध सक्तीचा, कारण औषध वीर्यात उतरतं. पाळी गेलेल्या बायका चालतील. मूल होण्याच्या वयातल्या बाईला द्यायचंच झालं तर दोन प्रकारची गर्भनिरोधक साधनं आणि दर महिन्याला तपासणी, आणि हे जमत नसेल तर नाही. स्टेरॉइडबरोबर दिलं तर पायाच्या शिरांत रक्त गोठण्याकडं लक्ष. आणि व्हीएमटी-एसटी पुन्हा पुन्हा, कारण थॅलिडोमाइड स्वतःच नसा बधिर करू शकतं. आजाराची बधिरता कुठली आणि औषधाची कुठली, हा गुंता आधीच्या नोंदी असल्याशिवाय सुटत नाही. पाहा, पुन्हा त्या बॉलपेनशीच येऊन थांबलो.

मेथोट्रेक्झेटबद्दल मला आशा आहे. संधिवाताला आणि सोरायसिसला आम्ही ते वर्षानुवर्षं देतोय, स्वस्त आहे, आणि ईएनएलमध्ये स्टेरॉइडचा डोस उतरवायला त्याची मदत होते असा अनेक त्वचारोगतज्ज्ञांचा अनुभव आहे. याच प्रश्नावर भारतासह अनेक देशांत मिळून चाचणीही हाती घेतली गेली. पण एक सावधगिरी लाल शाईनं. हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड सोलतं, रक्तपेशी घटतात, माणूस दगावतो. ज्याच्या घरात बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या आहेत त्याला ही आठवड्याची गोळी देताना सोमवार की गुरुवार हे त्याच्यासमोर पाकिटावर लिहायचं, फॉलिक ॲसिड जोडायचं, रक्त आणि यकृत तपासत राहायचं. गरोदरपणात हेही चालत नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयाखाली ते नको.

बाकीच्या औषधांवर फार शब्द खर्च करत नाही. ॲझाथायोप्रिन पहिल्या प्रकारात स्टेरॉइडला जोडून आपल्याच देशात तपासलं गेलं, जास्तीचा फायदा दिसला नाही. मिनोसायक्लीन, ॲप्रेमिलास्ट यांचे अनुभव छोट्या गटांतले आहेत. इंजेक्शनची महागडी जैविक औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना दिली गेलीत, आणि क्षयरोगाच्या देशात ती तशीही जपून. परिषदांमध्ये आम्हा डॉक्टरांना याच औषधांवर बोलायला आवडतं हे मान्य. पण ज्या जिल्ह्यात प्रेडनिसोलोनचे पाच महिने पुरे होत नाहीत तिथं हा चर्चेचा विषय नव्हे.

आता पैशांचं आणि आकड्यांचं. आशाताईंना नवा रुग्ण शोधला की मानधन आहे, उपचार पूर्ण केला की आहे: असांसर्गिकाचे ४०० आणि सांसर्गिकाचे ६०० रुपये. मधल्या काळात नस तपासून रिॲक्शन वेळेत पकडली, रुग्णाला तालुक्याला पाठवलं, २० आठवडे गोळ्या चालू ठेवल्या, याला स्वतंत्र मोल ठेवा. आपण ज्याचे पैसे मोजतो तेच काम होतं, ही काही आशाताईंची खोड नाही, आपल्या सगळ्यांची आहे. रुग्णाच्या एसटीचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी हाही औषधाचाच भाग धरा.

आणि आकडा. देशानं २००५ च्या अखेरीस दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे लक्ष्य गाठलं. उपचाराची पाकिटं संपली की नाव वहीतून जातं, त्यामुळं हा आकडा खाली राहतो. तरीही वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण देशात सापडतात आणि आपलं राज्य त्यांत मागं नाही. दुसरा मोठा आकडा म्हणजे नव्या रुग्णांमधली ग्रेड २, म्हणजे डोळ्यांना दिसणारी विकृती. ती मोजली जाते निदानाच्या दिवशी. ज्या बाईचा हात सातव्या महिन्यात वळला, ती त्या आकड्यात नाही. निदानाच्या दिवशी तिचा हात सरळ होता, म्हणजे अहवालात ती आपलं यश आहे. उपचार संपताना आणि संपल्यावर दोन वर्षांनी विकृती किती वाढली, हा तिसरा आकडा जिल्ह्याच्या आढावा बैठकीत पहिल्या पानावर मागा. कार्डावर हात, पाय, डोळे यांचे गुण लिहायची जागा आधीपासून आहे. त्या जागेचा हिशेब कोणी विचारत नाही.

विदर्भात दत्तपूर आहे, तपोवन आहे, आनंदवन आहे. एमडीटीच्या कितीतरी आधी, ज्यांचे हातपाय गेले आणि ज्यांना घरानं टाकलं त्यांच्यासाठी ही ठिकाणं उभी राहिली. तेव्हा वाचवायला हाताशी फारसं काही नव्हतं. आज आहे, आणि त्यातलं बरंचसं स्वस्त आहे, म्हणून आज गेलेल्या हाताबद्दल जास्त बोचतं.

एक छोटी गोष्ट, जी बिनखर्चाची आहे. उपचार संपल्याच्या दिवशी रुग्णाला ‘तुम्ही बरे झालात’ असं सांगून आपण मोकळे होतो. त्याच वेळी एक रंगीत कार्ड हातात द्या. चट्टा लाल झाला, गाठी आल्या, ताप आला, कोपर किंवा गुडघ्याच्या बाहेरची नस दुखली, बोटाची ताकद कमी वाटली, डोळा लाल झाला तर त्याच दिवशी या, रोग परतलेला नाही, औषध आहे, आणि कुठं यायचं त्या रुग्णालयाचं नाव. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत बायकांना पहिल्या प्रकारची रिॲक्शन येण्याचा धोका वाढतो, तेव्हा हे कार्ड आरोग्यसेविकेच्या लसीकरणाच्या सत्रातही दिसलं पाहिजे. तीच सेविका त्या घरी जात असते.

माझ्या मागण्यांना मंत्रालयातून मोठी तरतूद लागेल असं मला वाटत नाही. प्रेडनिसोलोनचं पाकीट आणि सुटं क्लोफाझिमीन येत्या खरेदीत बसू शकतं. थॅलिडोमाइडची नोंदवही वैद्यकीय शिक्षण खात्याशी बोलून करावी लागेल, तिला वेळ लागेल हे समजतो. तपासणीचं प्रशिक्षण लगेच सुरू होऊ शकतं. माझ्या भागातल्या कुठल्याही तालुक्यात वैद्यकीय अधिकारी, सेविका आणि आशाताई एका दुपारी जमवल्यात तर मी आणि दोन निवृत्त पर्यवेक्षक यायला तयार आहोत, प्रवासखर्चही नको. फक्त ती दुपार रोवणीच्या आधीची ठेवा. एकदा पाऊस सुरू झाला की रुग्ण बांधावर असतात, आणि हात दुखला तरी चिखलातून वर येत नाहीत.

कळावे,

आपला नम्र,
पूर्व विदर्भातला एक त्वचारोगतज्ज्ञ